तारांचं पाणी

१

दर सोमवारी दुपारी घरातली मोठी मुलगी गिटारच्या तारा उकळायला ठेवायची.

ऐकणाऱ्याला हसू येतं, पण बेस गिटार वाजवणाऱ्यांत ही जुनी रीत आहे. बेसच्या तारा चांगल्या जाड, वेढ्यावर वेढे घातलेल्या. वाजवणाऱ्याच्या बोटांचा घाम, तेल, मेलेली कातडी असला सगळा ऐवज त्या वेढ्यांत जाऊन बसतो आणि तार मुकी होत जाते. घोंगडीखालून बोलल्यासारखी वाजते. मग त्या उतरवायच्या, पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून दहा मिनिटं खळखळून उकळायच्या आणि पुसून परत चढवायच्या. नव्या तारांचा खणखणाट मोठीला सोसत नसे. "नवी तार उगाच भांडी आपटते. दोनदा उकळली की कशी शहाण्यासारखी बोलते," असं ती म्हणायची.

त्यासाठी एक पोचे पडलेलं पातेलं तिने वेगळं काढलं होतं. कानावर नेलपॉलिशची लाल फुली, म्हणजे चुकून कुणी दूध तापवायला नको. उकळल्यावर पाणी पाय धुतल्यासारखं राखाडी व्हायचं. ते ती मोरीतसुद्धा ओतत नसे, थेट संडासात. तिच्या बँडमधल्या ड्रमरने एकदा ते पाणी पाहिलं आणि आपण दोन दिवस चहाला शिवलो नाही, असं तो अजून रंगवून सांगायचा.

त्या सोमवारी तारा पातेल्यात होत्या आणि आतल्या खोलीतून बाबांची हाक आली.

"मोठे, काय शिजतंय गं?"

बाबा फुप्फुसाच्या दुखण्यातून उठले त्याला दोन महिने झाले होते, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलेला माणूस. पांढरा डगला, कापलेली नखं, गोळीला कधी बोट लावलं नाही, सगळं चिमट्याने. आता हाडांची मोळी होऊन पडले होते. धाकटी लग्न करून दूर गेलेली, आई जाऊन सहा वर्षं झालेली. चमच्यामागे चमचा घेऊन मोठीच त्यांच्यामागे लागायची, आणि दिवसाकाठी चार चमचे सूप पोटात गेलं तरी तिला जग जिंकल्यासारखं वाटायचं.

"काही नाही बाबा. का?"

"वास येतोय." मग म्हणाले, "भूक लागली मला."

दोन महिन्यांत पहिल्यांदा हा शब्द त्यांच्या तोंडून आला होता. मोठीला इतका आनंद झाला की हातातला चिमटा तसाच धरून ती उभी राहिली. मग तिने खाली पातेल्यात पाहिलं. वाकून हुंगलं. व्हिनेगर, तापलेलं लोखंड, आणि त्याखाली न धुतलेल्या मोज्यांसारखं काहीतरी. दुसरं काहीच गॅसवर नव्हतं.

आजारात नाक बिघडतं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तिने खिडकी उघडली.

२

लगेच तिने अंडं फेटून घातलेलं गरम सूप केलं आणि वाटी त्यांच्या नाकाशी नेली. बाबांनी मान फिरवली.

"हे नव्हे. मघाचं."

"मघाचं काय? तारा होत्या त्या बाबा. गिटारच्या."

"असतील," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

पुढच्या सोमवारी पाण्यावर साय धरली.

मोठीने चिमट्याने तार उचलली तर तिच्याबरोबर एक पापुद्रा वर आला. ओल्या फडक्यासारखा लोंबला आणि सावकाश परत पाण्यात निजला. सायीखाली पिवळे डोळे तरंगत होते, चरबीचे. तिने चमच्याने ते गोळा करून पाहिलं, निम्मी वाटी भरली. गेल्या तिन्ही कार्यक्रमांना उकाडा होता, शनिवारच्या हॉलमध्ये तर पंखे नुसते नावाला, तिचा सदरा पिळून निघाला होता. सगळं खरं. पण चार तारा म्हणजे चारच तारा. त्यांच्या अंगावर इतकं मावेल कसं?

मग तिला आपली बोटं दिसली.

बावीस वर्षं तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर आणि डाव्याच्या चारांवर घट्टे होते. खिळ्याने टोचलं तरी कळू नये असे. त्यांच्या जागी आता गुलाबी, मऊ कातडी होती, तान्ह्या मुलाच्या टाचेसारखी. घट्टे गेले कधी? एवढ्या नाजूक बोटांनी काल तीन तास वाजवलं तर फोड यायला हवे होते. दुखलंही नव्हतं. उलट, आता आठवून पाहिलं तर, तारांवरून हात निघता निघत नव्हता.

आत पलंग कुरकुरला. आणि आवंढा गिळल्याचा आवाज आला. इतका मोठा, की स्वयंपाकघरात ऐकू यावा.

तिने पातेलं घेतलं, संडासात रिकामं केलं, आणि दोनदा पाणी ओढलं. पांढरा पापुद्रा एका बाजूला चिकटून राहिला होता, तो ब्रशने काढावा लागला.

३

त्याच्या पुढच्या सोमवारी तिने साय यायच्या आतच गॅस बंद केला. पातेलं निवायला ओट्यावर ठेवलं, तेवढ्यात ड्रमर आला. तिचा अँप्लिफायर रविवारपासून घुमत होता, वाजवत नसतानाही पोटात वायू धरल्यासारखा. तो दुरुस्तीला न्यायचा होता. तो अवजड खोका दोघांनी दोन कानांना धरून तीन जिने उतरवला. ड्रमर प्रत्येक वळणावर थांबून कंबर धरायचा.

"ताई, पुढल्या जन्मी बासरी वाजव गं," तो म्हणाला. "माझ्या मणक्यांचा दुवा घेशील."

"तू तरी कुठे खंजिरी वाजवतोस?"

हसत हसत दोघांनी खोका गाडीत घातला. वीसेक मिनिटांत ती वर आली.

पातेलं जाळीवर पालथं घातलेलं होतं. आतून चकचकीत, लख्ख. शेजारी तारा, चारही नीट गोल गुंडाळून ठेवलेल्या, नव्या पाकिटातून काढाव्यात तशा.

बाबा पलंगावरच होते. पांघरूण गळ्यापर्यंत. आधाराने चालायचा घोडा समोरच्या भिंतीशी, सकाळी तिनेच ठेवला होता तिथे. दर गुरुवारी येणाऱ्या नर्सखेरीज आणि तिच्याखेरीज त्यांना कुणी उभं केलेलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही उठला होतात?"

"मी कसला उठतोय," ते म्हणाले. त्यांची मिशी ओली होती. मग त्यांना ढेकर आली, भरल्या पोटाची, आणि त्या लहानशा खोलीत व्हिनेगरचा वास पसरला.

मोठी न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि आवाज बाहेर जाऊ नये अशा बेताने ओकली.

गुरुवारी नर्स आली. तिने बाबांना वजनकाट्यावर बसवलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "अहो, दीड किलो वाढले! गालांवर बघा कशी तकाकी आली. काय देताय यांना?"

"सूप," मोठी म्हणाली.

"मग तेच चालू ठेवा. आता हात आखडू नका."

बाबा छताकडे बघत होते. हसत असावेत, पण मिशीमुळे नीट कळलं नाही.

४

मोठीने हात आखडला. जुन्या तारा कचऱ्यात टाकल्या, नव्या चढवल्या, पातेलं माळ्यावर फेकलं. दूध, अंडी, फळांचा रस, डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर, सगळं करून पाहिलं. बाबांनी भांडण केलं नाही. नुसतं भिंतीकडे तोंड केलं. आठवड्यात गाल पुन्हा आत गेले. दुसऱ्या आठवड्यात पाठीच्या मणक्यांवर कातडी अशी ताणली की अंघोळ घालताना स्पंज अडकायचा.

"मोठे," एकदा ते भिंतीशीच बोलले, "तुला जड जातंय का गं माझं?"

ती तिथून उठली आणि ओट्याशी जाऊन रडली. मग स्वतःशी हुज्जत घालत बसली. असतं काय त्यात? घाम, कातडी, थोडं तेल. आपलीच ना? लहानपणी आपण नाकातलं काय काय त्यांच्या सदऱ्याला पुसलं असेल. आई लेकराला अंगावर पाजते, तेव्हा कुणाला शिसारी येते? असा एकेक मुद्दा ती मांडायची, आणि तो पटतोय असं वाटलं की तोंडाला कडू पाणी सुटायचं.

अँप्लिफायर आणायला ती दुरुस्तीवाल्या काकांकडे गेली, तेव्हा गिटारही घेऊन गेली. काकांचं दुकान म्हणजे डिंक, लाकडाचा भुसा आणि सोल्डरचा धूर. तारा उकळायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. "तुझ्या खोक्यात काहीही बिघाड नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं, "इथे आणल्यापासून एकदाही घुमला नाही." मग गिटार मांडीवर घेतली, मानेवरून अंगठा फिरवला आणि थांबले.

"मान कशाने पुसलीस?"

"पुसली नाही मी. का?"

"हे पडदे बघ." गिटारच्या मानेवर आडव्या बसवलेल्या पितळी पट्ट्यांच्या कडेने त्यांनी नख फिरवलं. "या कोपऱ्यांत तुझा बावीस वर्षांचा मळ होता. माझा ब्रश पोचत नाही तिथे. मीच तुला दर वेळी बोलायचो. आता काडीचा नाही. आणि लाकूड ओलं आहे."

"तेल असेल."

काकांनी अंगठा नाकाशी नेला. उठले, मागच्या नळावर साबण लावून हात धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. परत आले ते तिच्यापासून जरा लांबच्या स्टुलावर बसले.

"घरात कुत्रं आहे का?"

"नाही."

"मग गिटार उघड्यावर ठेवू नकोस," काका म्हणाले. "पेटीत घाल. कुलूप लाव."

घरी गिटार बैठकीत असायची, स्टँडवर. बाबांच्या दारापासून चार पावलांवर.

५

त्या शनिवारी एका कंपनीची दुपारची पार्टी होती. जेवणं आटोपलेली, माणसं सुस्तावलेली. मोठीने खोका मागे लावला, बटणं नेहमीच्या खुणांवर आणली, एक तार छेडली. आवाज जाड आला. सुजलेला. तिने बटण मागे फिरवलं तरी तसाच. पायांखालची फळी थरथरत होती आणि ती थरथर पोटरीतून वर चढत होती.

पहिली दोन गाणी नेहमीसारखी गेली. तिसऱ्यात ड्रमरने मागून ओरडून विचारलं, "ताई, आज अंगात आलंय का?"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ती बोटं घासत होती. जिथे एक ठोका पुरे तिथे चार मारत होती. ठोका मारून बोट उचलायचं सोडून ते तारेच्या वेढ्यांवरून ओढत नेत होती, खवणीवरून ओढावं तसं. आणि प्रत्येक वेळी मनात बाबांचा बसलेला गाल येत होता.

मध्यंतरात ती पडद्यामागे गेली आणि गिटार उजेडात धरली. तारांच्या वेढ्यांत पांढरं, मऊ काहीतरी गच्च भरलं होतं. नखाने दाबलं तर नळीतून यावं तसं वर आलं. कोमट होतं.

कार्यक्रम संपला की तारा पुसून ठेवायची तिची सवय. त्या दिवशी तिने पिशवीतून फडकं काढलं, थोडा वेळ हातात धरलं, आणि परत पिशवीत टाकलं.

६

सोमवारी माळ्यावरून पातेलं उतरलं.

संडासात ओतायची वेळ आली तेव्हा मोठीने कपाटातून वाटी काढली. बाबांनी दोन्ही हातांनी ती धरली. ती दाराशी उभी राहून कॅलेंडरकडे बघत होती. तारखा, वार, खाली छापखान्याचा फोन नंबर. कानांना झाकण नसतं. आधी फुंकर, मग घोट, मग चमच्याने तळ खरवडल्याचा आवाज, खूप वेळ, आणि मग चमच्याशिवाय.

"अजून आहे का गं थोडं?"

"नाही."

"बरं," ते समजूतदारपणे म्हणाले. "पुढल्या वेळी व्हिनेगर घालू नकोस. चव मरते."

असे पाच सोमवार गेले. बाबा बसायला लागले, वर्तमानपत्र वाचायला लागले. धाकटीशी फोनवर बोलताना तिच्या नवऱ्याची नक्कल करून तिला हसवायला लागले. धाकटी मोठीला म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडू गं मी?" नर्सने पंधरवड्यातून एकदा येते म्हणून सांगितलं. आणि मोठीची बोटं टोकांकडे निमुळती होत चालली, शिसपेन्सिलीसारखी. नखं ओल्या पुठ्ठ्यासारखी वाकायची. मग एका सोमवारी सकाळी फोन तिचं बोट ओळखेना. तिने हात धुऊन लावलं, कोरडं करून लावलं, दुसरं लावलं, डाव्या हाताचं लावलं. मग खिडकीशी जाऊन नीट पाहिलं. बोटांवर रेषाच नव्हत्या. नुसती कातडी, उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत.

तिला स्वतःच्याच हाताची इतकी किळस आली की तो कुठे ठेवावा ते कळेना.

त्या सोमवारी तिने तारा उकळल्या नाहीत. सकाळीच उतरवल्या, पिशवीत गाठ मारून बांधल्या आणि काकांच्या दुकानात नेल्या. "टाकून द्या," ती म्हणाली. "गिटारही राहू दे इथेच. सांगेपर्यंत."

काका पिशवी पकडीत धरून बाहेरच्या मोठ्या डब्यात टाकून आले आणि पकडसुद्धा मागोमाग टाकली.

येताना तिला मोकळं वाटत होतं. धाकटीला सगळं सांगायचं, बाबांना रुग्णालयात ठेवायचं, नळीने का होईना अन्न जाईल. ड्रमरला सांगायचं, दुसरा बेसवाला बघ. वाटेत ती थांबली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

७

दार उघडलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. स्वयंपाकघरात उजेड होता आणि गॅस चालू होता.

बाबा ओट्याशी उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा, केस पाणी लावून मागे वळवलेले. घोडा जवळपास नव्हता. एक हात ओट्याला टेकवून ते पातेल्यात बघत होते. पाणी खळखळत होतं, स्वच्छ, तळ दिसेल असं.

"आलीस? मी म्हटलं तू दमून येशील, तर पाणी तरी करून ठेवावं."

"बाबा, तारा नाहीत." तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. "टाकल्या मी. गिटारही नाही आता घरात."

बाबांनी थोडा विचार केला. रागावले नाहीत. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडे, आणि जीभ ओठांच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश नेली. ती जीभ अरुंद होती आणि फार लांब होती, कुठल्याही कोपऱ्यात जाईल अशी. क्षणभरच दिसली. मग ते पूर्वीसारखेच बाबा होते, म्हातारे, आणि त्यांचे पाय लटपटत होते.

"हरकत नाही," ते म्हणाले. "तारा काय, नसल्या तरी चालतं."

त्यांनी गॅस बंद केला.

"थोडं निवू दे हं आधी. भाजायला नको तुला."

दार तिच्या मागे उघडंच होतं. जिन्यात कुणीतरी चढत होतं, किल्ल्या वाजत होत्या. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. बाबांचे गुडघे वाकायला लागले तशी ती पुढे झाली, त्यांना काखेत धरलं आणि खुर्चीत बसवलं. किती हलके होते. मग पातेलं उतरवून टेबलावर ठेवलं आणि दुसरी खुर्ची ओढून ती समोर बसली. मधे पातेलं. पाण्याचा आवाज हळूहळू बसत गेला. बाबांनी शेजारच्या खुर्चीवरचं फडकं घेऊन नीट घडी घातली आणि मांडीवर पसरलं. तिला उलटी येत होती आणि ती गिळत होती.

"झालं असेल का गं?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज कापत होता, भुकेने.

मोठीने बोट बुडवून पाहिलं.